रखमाबाई, आखाजी आणि डीफॉल्ट व्हॅल्यू

कायद्याच्या कलमात सणाचं नाव येतं का हो? सुट्ट्यांच्या यादीत नाही, खुद्द कलमात? मला वाटायचं नाही येत. पण २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा उघडून बघा. कलम १३, पोटकलम ४. अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी होणारे सामुदायिक बालविवाह रोखण्यासाठी जिल्हाधिकारी हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी समजला जाईल, असं तिथे चक्क सणाचं नाव घेऊन लिहिलंय.

खानदेशाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि आखाजी म्हणजे लेकींचा सण. दिवाळीला एक वेळ नाही जमलं तरी चालेल, पण आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. गौराई बसते, निंबाच्या झाडाला झोके बांधतात, झोक्यावर गाणी म्हणतात, घरोघरी आंब्याचा रस आणि पुरणपोळी. शिंदखेड्यात माझं लहानपण गेलं त्यामुळे मे महिन्याची सुट्टी म्हणजे माझ्या डोक्यात अजूनही झोक्याच्या दोराचा करकर आवाज. त्याच दिवशी, शुभ मुहूर्त म्हणून, काही पोरींना घराबाहेर काढून दुसर्‍याच्या घरी पाठवलं जातं, ही गोष्ट मी लहानपणी पाहिली होती. लक्षात मात्र आली नव्हती.

गेल्या खेपेला आखाजीला गावी गेलो तेव्हा शाळेतला एक मित्र भेटायला आला. तो तालुक्यातल्याच एका गावी ग्रामसेवक आहे. (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं.) महाराष्ट्रात खेड्यांत ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. घरपट्टी, पाणीपट्टी, दाखले, घरकुलं, ग्रामसभा आणि वर हे. ओट्यावर चहा पीत बसलो होतो पण त्याचं अर्धं लक्ष फोनकडे. म्हटलं काय झालं? म्हणाला, आज मुहूर्त आहे ना, कुठूनही फोन येऊ शकतो.

मग त्याने एक किस्सा सांगितला. मागच्या वर्षी कोणीतरी १०९८ ला फोन केला. हा पोलीस घेऊन मांडवात पोचला. मुलगी सोळाची. लग्न थांबवलं, आईवडिलांकडून हमीपत्र लिहून घेतलं, जेवणावळ तशीच उठली. आठ दिवसांनी दुसर्‍या तालुक्यात मामाच्या शेतात तेच लग्न लागलं. "आता लागलं ते लागलं," मित्र म्हणाला. "गुन्हा नोंदवता येतो. पण लग्न कसं पुसणार?"

त्याचं हे वाक्य डोक्यात घेऊन मी पुण्याला परतलो आणि पुढचे चार-पाच वीकेंड वाचत बसलो. मी कोड लिहिणारा माणूस, वकील नव्हे. पण वाचता वाचता जाणवलं की हा प्रश्न मुंबई हायकोर्टात एकदा अगदी सरळ विचारला गेला होता. साल १८८४.

डॉ. रखमाबाईंचं नाव आता बर्‍याच जणांना माहीत असतं. २०१७ मध्ये गूगलने त्यांचं डूडल केलं होतं, त्याआधी वर्षभर अनंत महादेवन यांचा सिनेमा आला. त्यामुळे बहुतेकांच्या मनात 'पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी एक' एवढी नोंद असते. खटला मात्र तळटीपेत जातो. मला खटलाच जास्त महत्त्वाचा वाटतो.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईचा. सुतार समाज. वडील जनार्दन पांडुरंग लवकर गेले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या समाजात याला मनाई नव्हती, नाहीतर ही सगळी गोष्टच घडली नसती. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लागलं. त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. सावत्र वडिलांच्या घरी राहिल्या, वाचायला शिकल्या, मोठ्या झाल्या. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला : माझी बायको मला मिळाली पाहिजे. कायद्याच्या भाषेत, वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना.

रखमाबाईंच्या बाजूने बरंच काही मांडलं गेलं. नवर्‍याची तब्येत, कमाई, तो राहतो त्या घरचं वातावरण. पण गाभा एवढाच होता की मी अकरा वर्षांची असताना, मला न विचारता झालेल्या या बंधनाला आज बाविसाव्या वर्षी मला जुंपता येणार नाही.

पहिल्या फेरीत न्यायमूर्ती पिन्ही यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये दादाजींचा दावा फेटाळला. त्यांचा युक्तिवाद मला फार आवडला, कारण तो अगदी डीबगिंगसारखा आहे. पुनर्स्थापना म्हणजे आधी असलेली वस्तू परत जागेवर आणणं. इथे संसार सुरूच झालेला नाही, मग परत काय आणायचं? शिवाय हा दावा मुळात इंग्लंडच्या धर्मपीठांतून आलेला, हिंदू शास्त्रात तो नव्हता. ज्या इंग्लंडमधून तो आला तिथे १८८४ मध्येच असा हुकूम न मानणार्‍याला तुरुंगात टाकणं बंद झालं होतं. तिथे काढून टाकलेला कोड इथे अजून चालू!

यावर जे वादळ उठलं ते कल्पनेपलीकडचं आहे. त्याच वर्षी रखमाबाईंची 'एक हिंदू स्त्री' या अर्थाच्या टोपणनावाने लिहिलेली पत्रं टाइम्स ऑफ इंडियात छापून आली होती. लोकमान्य टिळकांनी दादाजींची बाजू घेतली. आमच्या लग्नसंस्थेत परक्या सरकारने हात घालू नये, ही त्यांची भूमिका पुढे १८९१ च्या संमतिवयाच्या वादातही तीच राहिली. टिळकांबद्दल मला आदर आहे आणि राहील, पण इथे ते चुकले असं मला वाटतं, आणि तसं सरळ म्हणायला हरकत नसावी. गंमत म्हणजे (गंमत कसली!) ज्या दाव्याचं रक्षण 'आपली परंपरा' म्हणून चाललं होतं तो दावाच विलायती होता.

मार्च १८८६ मध्ये अपिलात सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवला. त्यांचं म्हणणं साधारण असं की विधी झाला तेव्हाच लग्न पूर्ण झालं, ते बंधनकारक आहे आणि दाव्याला प्रत्यक्ष संसार सुरू झालेला असण्याची गरज नाही. खटला परत खाली आला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नवर्‍याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग चालेल असं कळवलं.

त्या तुरुंगात गेल्या नाहीत. राणी व्हिक्टोरियाने स्वतः हे लग्न रद्द केलं अशी एक कथा नेटवर फिरते, तिच्या नादी लागू नका. या खटल्यावर सुधीर चंद्र यांचं अभ्यासपूर्ण पुस्तक आहे. प्रत्यक्षात जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी २००० रुपये घेऊन हुकुमाची अंमलबजावणी सोडून दिली. बस्स. रखमाबाई पुढच्या वर्षी लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरतला बरीच वर्षं त्यांनी दवाखाना चालवला. सुरत म्हणजे आमच्या शिंदखेड्यावरून जाणार्‍या रेल्वेचं दुसरं टोक. आमच्या स्टेशनातून सुरतेला रोज गाड्या जातात आणि मला हे चाळिशीत कळतंय. असो.

पण नीट बघा, काय झालं नाही ते. अकराव्या वर्षीचं लग्न 'लग्नच नव्हे' असं कोणत्याही कोर्टाने म्हटलं नाही. पिन्हींनीसुद्धा नाही. त्यांनी फक्त जबरदस्तीने पाठवणार नाही एवढंच म्हटलं. रखमाबाई सुटल्या त्या पैशांनी आणि स्वतःच्या हट्टाने. लग्न कागदावर तसंच राहिलं.

माझ्या धंद्यात याला डीफॉल्ट व्हॅल्यू म्हणतात. फॉर्म उघडला की एक चौकोन आधीच टिक केलेला असतो. ज्याला नको त्याने शोधून काढून ती टिक पुसायची. न पुसली तर तुमची संमती गृहीत. बालविवाहाच्या बाबतीत डीफॉल्ट आहे 'लग्न पक्कं'. गेल्या एकशेचाळीस वर्षांत आपण फॉर्मच्या भोवतीचं बरंच काही बदललं. ती टिक तिथेच आहे.

१९२९ चा शारदा कायदा घ्या. १ एप्रिल १९३० पासून लागू, मुलीचं वय चौदा, मुलाचं अठरा. लग्न लावणार्‍याला दंड आणि महिन्याभराची साधी कैद. पण लागलेलं लग्न? पक्कं. माझ्या आजीचं लग्न हा कायदा आल्यानंतरचं. वय विचारलं की ती सांगायची, दुधाचे दात पडत होते तेव्हाचं. "माले काय समजे तवय?" एवढंच म्हणायची आणि भाकरी थापायला लागायची. म्हणजे ज्या कायद्याने तिचं लग्न लावणं गुन्हा ठरवलं, त्याच कायद्याखाली ती साठ वर्षं रीतसर नांदली. पुढे मुलीचं वय १९४९ मध्ये पंधरा, १९७८ मध्ये अठरा झालं. वय वाढत गेलं, टिक हलली नाही.

मग राज्यघटना आली. आता कलम १४ ची समानता होती, कलम २१ चं जीवन आणि स्वातंत्र्य होतं. रखमाबाईंकडे यातलं काहीच नव्हतं, त्यांच्या वकिलांना इंग्रजी धर्मपीठांचा इतिहास उगाळत बसावं लागलं. त्यांचाच खटला घटना हातात घेऊन पुन्हा लढला गेला तर?

तो लढला गेला. १९८३, आंध्र प्रदेश उच्च न्यायालय. टी. सरिता ही सिनेमातली नटी. १९७५ मध्ये तिरुपतीला लग्न झालं तेव्हा ती सोळा वर्षांची शाळकरी मुलगी होती. (तेव्हाच्या कायद्याने पंधरा पुरे होती, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तो बालविवाहही नव्हे.) नवर्‍याने हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली तोच दावा लावला, वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना. न्यायमूर्ती चौधरी यांनी कलम ९ च घटनाबाह्य ठरवलं. बाईच्या शरीरावर कोणाचा अधिकार हे ठरवणं सरकारच्या हातात जाऊ शकत नाही, असा त्यांचा रोख होता. दुसर्‍याच वर्षी, १९८४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात हे मत अमान्य केलं आणि कलम ९ वाचलं. बघा, पिन्ही आणि सार्जंट यांचीच जोडी, अठ्ठ्याण्णव वर्षांनी! या कलमाला २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पुन्हा आव्हान दिलं गेलं.

२००६ च्या कायद्याने (तो १ नोव्हेंबर २००७ पासून लागू झाला) शिक्षा कडक केल्या, दोन वर्षं सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आणि पहिल्यांदाच टिक पुसायची सोय दिली. कलम ३ : बालविवाह 'रद्दबातल ठरवता येण्याजोगा' आहे. लग्नाच्या वेळी जो किंवा जी अज्ञान होती तिने अर्ज करायचा, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. म्हणजे मुलीला वीस पूर्ण होईपर्यंत. पळवून, फसवून किंवा विकून लावलेलं लग्न मात्र मुळातच अवैध. मनाई हुकूम डावलून लावलेलंही.

वाचायला छान वाटतं. आता शिंदखेडा तालुक्यातली अठरा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणा. शाळा दहावीला सुटलेली. कडेवर बहुधा एक मूल. तिला हे कलम माहीत असायला हवं, वकील हवा, न्यायालयात जायला कोणीतरी सोबत हवं, परत येऊन राहायला माहेर हवं. आणि ज्या माहेराने लग्न लावलं त्याच्याच विरुद्ध ती कागद टाकणार. राजस्थानात २०१२ मध्ये एका अठरा वर्षांच्या मुलीने, ती वर्षाची असताना लागलेलं लग्न रद्द करून घेतलं तेव्हा देशभर बातमी झाली. बातमी झाली यातच सगळं आलं.

संख्या म्हणाल तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयोगटातल्या ज्या स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झाली त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होतं. धुळे जिल्ह्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास. परभणी आणि बीडच्या पंक्तीला आम्ही. मी हा आकडा आईला फोनवर सांगितला तर ती म्हणाली, "तुला आत्ता कळलं का?"

मेळघाटातल्या कुपोषणावरच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आदिवासी भागातल्या बालविवाहांची पाहणी करायला सांगितली. सरकारने आदिवासी वस्ती असलेल्या १६ जिल्ह्यांचा आकडा दिला : तीन वर्षांत १५,२५३. सुनावणी चालली होती ती कुपोषणाने दगावणार्‍या मुलांची. बालविवाह त्यात मागच्या दाराने आला, कारण आयाच अल्पवयीन होत्या.

सर्वोच्च न्यायालयात दोन मोठे निकाल झाले. ऑक्टोबर २०१७ मध्ये 'इंडिपेंडंट थॉट' खटल्यात न्यायमूर्ती मदन लोकूर आणि दीपक गुप्ता यांनी बलात्काराच्या व्याख्येतला एक अपवाद कापला. पंधरा ते अठरा वयाच्या बायकोशी संबंध हा गुन्हा नाही, असं आयपीसी म्हणत होती. आता गुन्हा आहे. त्याच निकालात कर्नाटकाचं उदाहरण देऊन इतर राज्यांना सुचवलं गेलं. कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती करून बालविवाह मुळातच अवैध केलाय. डीफॉल्ट उलटवलं! पुढे हरियाणानेही तशी दुरुस्ती केली. महाराष्ट्रात केंद्राचंच कलम चालतं.

त्यामुळे इथे चमत्कारिक परिस्थिती झालीय. सतरा वर्षांच्या मुलीचं लग्न कायद्याने उभं आहे, आणि त्या लग्नात नवरा जे करतो तो मात्र बलात्कार. मित्राने दुसरी बाजू दाखवली. गरोदर मुलगी दवाखान्यात नेली की वय विचारतात, वय कळलं की पोलिसांना कळवणं भाग. म्हणून घरचे नेतच नाहीत.

१८ ऑक्टोबर २०२४ चा निकाल आमचे मराठी, तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाचा. याचिका २०१७ मधली. निकाल मी पूर्ण वाचला. त्यात चांगलं खूप आहे. आपला जोडीदार आपण निवडण्याचा हक्क बालविवाहात जन्मायच्या आतच मारला जातो, हे घटनेच्या भाषेत नीट मांडलंय. लहानपणी वाङ्‌निश्चय करून ठेवतात त्यावर बंदी घालायचा विचार संसदेने करावा, असंही म्हटलंय. प्रतिबंधक अधिकारी जिल्ह्यात पूर्णवेळ असावा, त्याच्यावर इतर कामांचा बोजा नको, असा आदेश आहे. (हे वाक्य मी मित्राला मोठ्याने वाचून दाखवलं. तो हसला.) पण लग्न वैध की अवैध, व्यक्तिगत कायदे मोठे की २००६ चा कायदा, हा प्रश्न संसदेवर सोडला. आणि मुलींचं वय एकवीस करणारं जे २०२१ चं विधेयक संसदेत होतं, ते सतराव्या लोकसभेबरोबर २०२४ मध्येच संपलं होतं.

मला मान्य आहे की 'मुळातच अवैध' म्हणणं सोपं नाही. माझ्या आईचाच आक्षेप सांगतो. लग्नच नाही म्हटलं तर ती पोरगी ना इकडची ना तिकडची, नवरा मोकळा सुटेल आणि पोर बेवारस ठरेल. हा आक्षेप खरा आहे आणि तो आईसारख्या बाईने घेतलेला आहे, संस्कृतिरक्षकाने नाही. पण २००६ च्या कायद्यात याची सोय आधीच आहे. लग्न रद्द झालं तरी कलम ४ खाली तिला पुन्हा लग्न होईपर्यंत पोटगी आणि राहायची व्यवस्था मागता येते, कलम ६ खाली मूल औरसच राहतं. म्हणजे लागणारे सगळे तुकडे तयार आहेत. तेच तुकडे मुळात अवैध लग्नालाही जोडता येतील. टिक कोणी पुसायची, एवढाच प्रश्न. सोळा वर्षांच्या मुलीने, की ज्या मोठ्या माणसांना हे लग्न टिकवायचंय त्यांनी?

परवा मित्राचा फोन आला. मामाच्या शेतात लग्न झालेली ती मुलगी माहेरी परत आलीय, जायला तयार नाही. अजून अठराला काही महिने बाकी. काय करता येईल म्हणून विचारत होता. कलम ३ मी त्याला फोनवरच वाचून दाखवलं. अर्ज जिल्हा न्यायालयात, म्हणजे धुळ्याला. आणि अर्जदार अजून अज्ञान असेल तर तिच्या पालकाने किंवा तिच्या वतीने दुसर्‍या कोणी, पण सोबत बालविवाह प्रतिबंधक अधिकारी.

"म्हणजे मीच की," तो म्हणाला.

थोडा वेळ दोघंही गप्प. मग म्हणाला, मराठीत लिहून पाठव, तिच्या आईला वाचून दाखवायचंय. कलम ३, ४ आणि ६ मराठीत उतरवून झालीत. भाषा अजून जड वाटतेय, आज रात्री पुन्हा एक हात फिरवतो आणि पाठवतो.